वन्सं, तुम्ही आठवण काढली का?

फेरतपासणीला दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी फुलंब्रीकडची एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, मांडीवर पाण्याची बाटली. बाटली काय, सगळ्यांकडेच असते. पण तिनं ती दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, जशी एस.टी.त उभ्यानं जाताना दांडी धरतात. मी विचारलं, "घास अडकतो का हो?" ती दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाटलीनं."

तिचा नंबर लागेपर्यंत मी तिला जमेल तेवढं सांगितलं. पण मला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, आणि मी मुद्द्यावर येतच होते तेवढ्यात तिला आत बोलावलं. राहिलेलं इथं लिहिते. तिच्या हाती पडलं तर उत्तमच, दुसऱ्या कुणा बाटलीवालीच्या हाती पडलं तरी चालेल.

नुसती नळी

मी घरी शिकवण्या घेते, सातवीपर्यंतच्या. अन्नपचनाचा धडा इतक्यांदा शिकवलाय की जठराचं चित्र फळ्यावर डोळे झाकून काढते. ते दरवेळी काजूसारखं येतं, ते सोडा. तोंडात लाळ, जठरात आम्ल, लहान आतड्यात पुढचं सगळं काम. मधल्या अन्ननलिकेबद्दल माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "ही नुसती नळी आहे, इथं काही होत नाही, चला पुढे." अन्ननलिकेनं हे मनाला लावून घेतलं असावं.

सुरुवात ज्वारीच्या भाकरीपासून झाली. घास छातीच्या मधोमध येऊन थांबायचा. घोटभर पाणी प्यायलं की जायचा. मग पोळीही थांबायला लागली, मग भातही. होता होता एका भाकरीला तांब्याभर पाणी लागायला लागलं. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते ज्याला माहीत आहे, त्यालाच या चैनीची किंमत कळेल. हे एकदा म्हणाले, "तू जेवतेस की टाकी धुतेस?" हे म्हणजे आमचे यजमान. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात, त्यामुळे आत किती गेलं नि बाहेर किती आलं यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. फक्त बायकोच्या बाबतीत ते जरा कमी पडलं.

त्यात त्यांचा फार दोष नाही. मी सगळ्यांच्या मागून जेवते. सासूबाईंचं पान, यांचं पान, मुलगी सुट्टीला आली असेल तर तिचं, आणि सगळं आवरलं की ओट्याशी माझं. असं मला कुणी सांगितलेलं नाही. एखादी सवय लागते तशी लागली. घास अडकला की मी उभी राहायचे, दोन्ही हात वर ताणायचे, टाचा उचलून धपकन खाली आदळायचे. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई वरच्या फळीवरचा डबा काढतेय. पण कुणी पाहिलं नाही.

वजन उतरायला लागलं. आमच्या सिडकोच्या गल्लीत माझा भाव वाढला. "काय डाएट करतेस गं?" शेजारणीला मी खरं तेच सांगितलं, "जेवताना भरपूर पाणी पिते." तिनं आठवडाभर करून पाहिलं. तिची टाकी रिकामी झाली, वजन तेवढंच राहिलं.

हसण्यावारी नेत होते, पण आतून हादरले होते. माझ्या काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. तेही असेच प्रत्येक घासामागे पाणी प्यायचे. आपल्याला काय झालंय ते आपल्याला कळलंय, आणि डॉक्टरनं म्हटलं की ते खरं होईल, अशी माझी समजूत. विज्ञान शिकवणाऱ्या बाईची ही समजूत.

उचकी

घास लपवता येतो, उचकी लपत नाही. घास अडकला की मला उचकी लागायची, आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "कोण आठवण काढतंय गं?"

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, आणि एकेकाचं नाव घेत गेलं की ज्याच्या नावावर उचकी थांबते तोच काढतोय, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. सासूबाई नावं घ्यायला लागायच्या. आधी माझ्या माहेरचे, कारण सुनेची आठवण दुसरं कोण काढणार? मग पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी. मग कन्नडच्या वन्सं. तोवर घास हळूहळू आपल्या वाटेनं खाली सरकलेला असायचा. त्यामुळे नेमकी वन्संच्या नावावर उचकी थांबायची.

"शकू काढतेय! लाव गं फोन, सगळं बरं हाय ना बघ."

आता हे सोपं नव्हतं. शकुंतलावन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. कन्नडजवळ त्यांची शेती, चार म्हशी, आणि तोंडावर बोलण्याची पद्धत. आमच्या मुलीच्या बारशाला आत्या म्हणून त्यांनी पाळण्याशी वाकून तिच्या कानात 'शरयू' म्हटलं. मला 'ऋचा' हवं होतं. शाळेत घालताना मी ऋचा लिहून आले. तेव्हापासून त्या तिला शरयू म्हणायच्या, मी ऋचा म्हणायचे, आणि आम्ही दोघी एकमेकींना फारसं काही म्हणत नव्हतो. दिवाळीला, संक्रांतीला तेवढं.

पण सासूबाईंपुढे इलाज नव्हता. मी फोन लावला.

"वन्सं, आई विचारतात, तुम्ही आठवण काढली का?"

"मी? मी म्हशीचं शेण काढत होते."

पहिला फोन तेवढ्यावरच संपला. पण उचकी काही थांबेना, आणि थांबली की त्यांच्याच नावावर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या आपणच म्हणायला लागल्या, "व्हय गं, काढली होती. काय करत होतीस?" मग गुडघ्याचं, मग कोथिंबिरीच्या भावाचं, मग त्यांच्या सुनेचं. इतक्या वर्षांत आम्ही बोललो नव्हतो तेवढं त्या उचक्यांनी बोलायला लावलं. मी तर मनातून खूश होते. आजार आजाराच्या जागी, पण गप्पा झकास चालल्या होत्या.

आणि एका रविवारी दुपारी, मी "वन्सं, तुम्ही..." एवढंच म्हटलं, तर त्या मध्येच बोलल्या.

"सुनंदा, एक सांगू? राग नको धरू. मी काय तुझी एवढी आठवण काढत नाय."

मी पाण्याचा एक घोट घेतला.

"अगं दिसातून दोन-दोनदा? माझी पोटची पोरं मला इतक्यांदा आठवत नायत. आधी वाटलं, आईचं मन राखावं, म्हणून व्हय म्हणत गेले. पण तुझ्या गळ्यात कायतरी हाय. फोनवर तू बोलता बोलता पाणी पितेस. डॉक्टरला दाखव."

"अहो पित्त असेल..."

"पित्ताची उचकी माझ्या नावावर थांबती व्हय? भास्करला दे फोन."

यांनी फोन घेतला. मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. "हां आक्का. हां. नाही, म्हणजे... नाही बघितलं." फोन ठेवून हे म्हणाले, "आक्का विचारतेय, तुझी बायको कशी जेवते ते कधी बघितलंस का."

पंधरा मिनिटं

पोटाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवायला किती वेळ लागतो?"

हे पटकन म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटं."

मी म्हटलं, "तासभर. कधी जास्तच."

डॉक्टर लिहीत होते, ते थांबले नाहीत. पण हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बायको शेजारच्या खोलीत रोज तासभर जेवते, ही बातमी त्यांना डॉक्टरच्या खोलीत कळली. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाटलं, अर्धा तास सांगितलं असतं तरी चाललं असतं.

दुर्बीण घालून तपासणीचा दिवस मला आठवायला नको वाटतो, तरी सांगते, कारण तुम्हाला त्याचीच भीती असेल. घशात फवारा मारतात, कुशीवर झोपवतात, दातांत एक प्लॅस्टिकची कडी देतात. त्रास होतो, पण थोडाच वेळ. खरा त्रास नंतर बाहेर बसण्याचा. मी काकांचा चेहरा आठवत होते. हे समोरच्या भिंतीवरची हात धुण्याची पद्धत पहिल्यापासून पुन्हा वाचत होते.

डॉक्टरांनी बोलावलं. "गाठ नाही."

त्यापुढे ते बरंच बोलले. मी ऐकलं नाही. मी 'गाठ नाही' एवढेच दोन शब्द धरून बसले होते. यांनी माझ्या पिशवीतली बाटली काढली आणि आपणच घटाघटा पाणी प्याले.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकलं. रात्रीपासून उपाशी असूनही माझ्या अन्ननलिकेत आदल्या दिवशीचा भात तसाच पडून होता. मग एक पांढरं, खडू कालवल्यासारखं पाणी प्यायला देऊन एक्स-रे काढले. फोटोत नळी फुगलेली आणि खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं. मग नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजला. ती तपासणी करताना डोळ्यांतून पाणी येतं, ते दुःखाचं नसतं, नाकाचं असतं. येऊ द्यावं.

आजाराचं नाव निघालं अकॅलेशिया.

लाइनमन

घरी आल्यावर हे सासूबाईंना समजावत होते. "आई, अकॅलेशिया म्हणतात त्याला."

"अकलेचा काय संबंध? पोरगी शिकलेली हाय!"

मग मी समजावलं. शिकवायची सवय म्हणून फळाच घेतला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसंच सांगितलं: अन्ननलिका नुसती नळी नसते. ती घासाला मागून दाबत, लाट सरकावी तशी खाली नेते. माणूस डोक्यावर उभा राहून जेवला तरी घास पोटातच जातो, तो तिच्यामुळे. तिच्या टोकाशी स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते सैल होतं, घास गेला की मिटतं, म्हणजे जठरातलं आम्ल वर येत नाही. माझ्या कड्याला 'आता उघड' असा निरोप देणाऱ्या नसाच निकामी झाल्यात. मागून ढकलणंही बंद पडलंय.

सासूबाईंनी फळ्याकडं बघून घेतलं. काजू नेहमीसारखाच होता. "म्हंजे पाइपलाइन हाय, खाली टाकी हाय, पण व्हॉल्व्ह खोलायला लाइनमनच येत नाय."

या शहरात राहणाऱ्या माणसाला याहून चांगलं कुणी समजावू शकणार नाही. मुलांना मी आता असंच शिकवते.

पण त्या दिवसापासून घर विचित्र झालं. यांना माझा राग आला होता. "इतके दिवस सांगितलं का नाहीस?" हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी मी म्हटलं, "विचारलंत का?" दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या जेवणाच्या वेळी ओट्याशी स्टूल घेऊन बसायला लागले. एकटक बघायचे. असं बघितल्यावर धडधाकट माणसाचाही घास अडकेल. "टी.व्ही. बघा की जरा," मी म्हणायचे. "नको, इथंच बरंय."

सासूबाईंनी तर नावं घेणंच बंद केलं. "मी मेली नावं घेत बसले, आन् पोरीचं वजन उतरत गेलं," असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं. एकदा उचकी लागली आणि बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर आजारी असल्यासारखं वाटलं.

मीच ओरडले, "आई, कोण आठवण काढतंय?"

जरा वेळानं आवाज आला, "शकूच असंल."

खरीखुरी

उपाय असा की भूल देऊन तोंडातूनच दुर्बीण आत घालायची आणि त्या हट्टी कड्याचे स्नायू आतून कापायचे. बाहेरून टाका नाही. आदल्या काही दिवसांपासून नुसतं पातळ. मुलगी पुण्याहून येणारच होती, पण तिच्या आधी कन्नडची एस.टी. आली. वन्संनी फडक्यात धपाटे बांधून आणले होते, बाकीच्यांसाठी. "तुला दाखवायला नाय आणले, पण हे लोक उपाशी मरतील," म्हणाल्या.

दवाखान्यातला दिवस आपला नसतो. पहाटे कुणीतरी येऊन दंडाला पट्टा बांधतं, मग कुणी येऊन नाव विचारतं, जे पट्टा बांधणाऱ्यानं मघाशीच विचारलेलं असतं. नाश्त्याची गाडी माझ्या खाटेला वळसा घालून पुढे जायची. उपम्याचा वास मात्र वळसा घालत नव्हता. भूक जठरात असते असं मी मुलांना सांगत आले. ती नाकात असते.

नेण्याची वेळ झाली तेव्हा अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या निघेनात. हे धडपडत होते, मुलगी साबण शोधत होती. वन्संनी माझा हात आपल्या हातात घेतला, बोटं जुळवली आणि एकेक करून सगळ्या बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढून आपल्या रुमालात बांधलं, रुमाल कमरेला खोचला. माझे हात गार पडले होते, ते त्यांना कळलं असणार.

"वन्सं, भूल उतरली नाही तर?"

"न उतरायला काय झालं? तू जा. मी हितं बसून आठवण काढते." मग माझ्या कानाशी वाकून, "खरीखुरी. फोनवरच्यासारखी नाय."

त्या अशाच एकदा पाळण्याशी वाकल्या होत्या. स्ट्रेचर हललं, आणि मला उगाच ते आठवलं.

पायरी

जाग आली तेव्हा छातीत दुखत होतं, घसा खरवडल्यासारखा झाला होता. परिचारिका म्हणाली, "छान झालं, ताई." मी मुलीला खुणेनं विचारलं, उचकी लागली होती का मला? ती म्हणाली, "आई, तू बेशुद्ध होतीस." हे काही उत्तर नव्हे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खडूचं पाणी आणि तोच एक्स-रे. पडद्यावर मलाही दिसत होतं. पांढरी रेघ वरून खाली आली, चोचीपाशी आली, आणि थांबलीच नाही. सरळ जठरात. माझं जठर काजूसारखं दिसत नाही, हे मी तेव्हाच पाहिलं.

मग साध्या पाण्याचा पहिला घोट. मी तो घेतला आणि थांबले. छातीच्या मधोमध तो अडकण्याची वाट बघत राहिले. अंधारात शेवटची पायरी आहे समजून आपण पाय टाकतो आणि पायरी नसतेच, तेव्हा पोटात कसं होतं? तसं झालं. मी रडायला लागले. यांना वाटलं, अडकलं. ते परिचारिकेला हाका मारत व्हरांड्यात धावले, आणि मी हातानं 'गेलं, गेलं' सांगत होते, तर त्यांना वाटलं मी जाते म्हणतेय.

आता खरं तेही सांगते, नाहीतर बाकावरची ती बाई मला खोटारडी म्हणेल. माझी अन्ननलिका पुन्हा ढकलायला लागलेली नाही, लागणारही नाही. फक्त दार उघडं झालंय. घास आता उतारावरून पाणी जावं तसा आपल्या वजनानं खाली जातो. म्हणून ताठ बसून जेवायचं, सावकाश चावायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. दार नीट मिटत नाही म्हणून आम्ल वर येतं, त्याची गोळी. खाटेच्या उशाकडचे पाय विटांवर चढवलेत. रात्री हे घसरून पायथ्याशी जातात, आणि सकाळी त्याचा दोष माझ्या अन्ननलिकेला देतात. एखादा घास अजूनही रेंगाळतो, त्याला घोटभर पाणी द्यावं लागतं. पण घोटभर. तांब्या नाही.

आणि एकच सांगणं. जेवताना कुणाला तरी दिसेल असं बसा.

पहिली पंगत

घरी आल्यावर बरेच दिवस पेज, वरणाचं पाणी, मग मऊ खिचडी. भाकरीला डॉक्टरांनी हो म्हटलं, त्यानंतरच्या रविवारी मुलगी मुद्दाम आली. मी सवयीनं सगळ्यांची पानं घेतली आणि वाढायला लागले. सासूबाईंनी चौथं ताट काढलं आणि आपल्या शेजारी मांडलं.

"तीनच पुरेत, आई, मी मागून बसते," मी म्हटलं.

त्यांनी ताटं मोजली. "माणसं चार, ताटं चार. बस."

मी बसले. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांचे हात थांबले होते. हे पुन्हा एकटक बघायला लागले होते. भाकरी मोडली, तेवढ्यात फोन वाजला.

फोन मुलीच्या मागे फळीवर होता. "शरयू, घे गं तो," मी म्हटलं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. सासूबाई पिठल्याकडे बघत राहिल्या. मग तिनं फोन उचलून माझ्या कानाला लावला.

"सुनंदा, मला कधीची उचकी लागलीय. थांबंना."

वन्संना उचकी लागलेली नव्हती. उचकी लागलेल्या माणसाचं एवढं सलग वाक्य येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

"नावं घेतली का?"

"घेतली की सगळ्यांची. तुझं तेवढं राहिलंय. भाकरी खाल्लीस का?"

मी घास तोंडात घातला. चावला, सावकाश. गिळला. पाण्याचा पेला ताटाशी भरलेला होता, त्याला हात लावावा लागला नाही.

"खातेय," मी म्हटलं. "घ्या आता माझं नाव."